सावलीतलं ऊन

यल्लाप्पा धोत्रे भर उन्हात बाज टाकून बसले होते आणि घरामागची सावली मोकळी पडली होती.

चैत्र सरत आला होता. दुपार कलली, तरी हवा तव्यासारखी तापलेली. हेमलता विरकर पॉलिहाऊसवर प्लॅस्टिकचे पेपर चढवण्याची कामं घ्यायची. आपल्या टोळीतल्या शांताला उद्याचं काम सांगायला ती पायथ्याच्या वस्तीवर आली होती. शांताचा म्हातारा बाप डोक्यावर ओला पंचा घेऊन असा उन्हात बसलेला पाहून ती थबकली.

“यल्लाप्पामामा, हे काय? मागं सावली आहे की.”

“हाय. पर तिथं ऊन लागतंय.”

हेमलताला हसू आलं. “सावलीत ऊन?”

“बसून बघा तुमी,” म्हातारा शांतपणे म्हणाला. “हितलं ऊन दिसतं तरी. पंचा आडवा धरता येतो. तिथलं दिसतच न्हाई. न दिसणाऱ्याला आडवायचं कुठनं?”

शांता आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. “ताई, मनावर घेऊ नका. हल्ली उन्हाळ्यात असंच चालतं त्यांचं. वय झालं आता.”

हेमलता तांब्या घेऊन मागच्या सावलीत गेली. भिंतीला पाठ टेकून, समोरच्या माळाकडे तोंड करून पाणी प्याली. गालाला धग लागत होती, चुलीपुढे बसल्यावर लागते तशी. जमीन तापली असेल, असं तिच्या मनात येऊन गेलं. तांब्या परत देऊन ती निघाली.

वस्तीच्या पूर्वेला बोरजाईचा माळ होता. घोड्याच्या नालेसारखा वळलेला, आणि त्या नालेच्या पोकळीत ही वस्ती. माळाच्या उतारावर पायऱ्या कोरल्यासारखी एकाखाली एक पॉलिहाऊस उभी होती. चार-पाच उन्हाळ्यांपूर्वी ती ओस पडायच्या बेतात होती. पारा असा चढायला लागला होता, की आतली ढोबळी मिरची फुलावर यायची आणि एका दुपारीत सगळी फुलं गळून जायची. दुधी पेपर लावून झाला, शेडनेट झालं, छतावर चुना मारून झाला. चुन्याने ऊन अडायचं, पण झाडाला हवा तो उजेडही अडायचा. झाडं लांबुळकी व्हायची आणि फळ धरायची नाहीत.

मग बाजारात नवा पेपर आला. त्याचं नाव लांबलचक होतं, लोक त्याला गार पेपर म्हणू लागले. सूर्याच्या उन्हातली जवळजवळ निम्मी उष्णता आपल्याला न दिसणाऱ्या किरणांतून येते. त्यांना अवरक्त किरण म्हणतात. झाडाला वाढीसाठी त्यांचं काही काम नसतं. हा पेपर दिसणारा उजेड आत सोडायचा आणि अवरक्त किरण आरशासारखे परतवायचा. डोळ्याला मात्र तो साध्या काचेसारखा स्वच्छ दिसे.

माळावरच्या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेनं निवड हेमलतावर सोपवली होती. ती कृषी पदविका घेतलेली आणि पुष्कळ वर्षं या धंद्यात मुरलेली. तिने निरनिराळ्या पेपरांचे तुकडे आणवले. जाडी पाहिली, धूळ किती धरतो ते पाहिलं, आतल्या बाजूला साचणारं दव पिकावर न ठिबकता कडेला ओघळतं का, तेही पाहिलं. मग माळावर उभी राहून एकेक तुकडा तळहातावर धरला. गार पेपरखाली हात धरला, तेव्हा ढग आल्यासारखं वाटलं. सावली मात्र पडली नव्हती. तिने दुसरा कुठलाच तुकडा पुन्हा हातात घेतला नाही.

पेपर चढवला तोही मन लावून. पहाटेची हवा थांबलेली असताना गुंडाळी उलगडायची, कारण वारा सुटला की पेपराचं शीड होतं आणि माणसाला उचलून नेतं. खालच्या लोखंडी पाइपांना आधी पांढरा रंग द्यायचा, नाहीतर तापल्या पाइपावर पेपर भाजतो. दोन्हीकडून सारखा ताण द्यायचा आणि नागमोडी स्प्रिंग पाइपावरच्या खाचेच्या पट्टीत पेपरासकट दाबत जायचं. ताण कमी पडला तर पेपर फडफडून फाटतो, जास्त झाला तर दुपारी चिरतो. पश्चिमेची धग सगळ्यात वाईट, म्हणून त्या बाजूला जमिनीपासून छतापर्यंत तोच पेपर पडद्यासारखा ताणला. दोन छतांमधल्या पन्हळीवर चढून तोल सांभाळत स्प्रिंग दाबण्यात शांताचा हात कुणी धरत नसे.

त्या वर्षी मिरची लगडली. गाव सोडून गेलेली वस्तीवरची माणसं तोडणीच्या कामाला परत आली, बंद घरांची कुलपं निघाली. हेमलताला चार गावांतून बोलावणी येऊ लागली.

म्हणूनच त्या तांब्याभर पाण्याच्या दुपारनंतर काही दिवसांनी यल्लाप्पा गेल्याचा निरोप आला, तेव्हा तिला वाईट वाटलं, पण शंका आली नाही. शांता कामावर होती. म्हाताऱ्याला चक्कर आली म्हणून शेजारणीनं त्यांना उन्हातून उठवलं आणि घरामागे सावलीत नेऊन निजवलं. डोळा लागला असेल असं समजून ती आपल्या कामाला लागली. शांता घरी आली, तेव्हा अंग तापलेलं होतं आणि शुद्ध नव्हती. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं. उष्माघात, असं डॉक्टर म्हणाले. सावलीत निजलेल्या माणसाला उष्माघात कसा, हे कुणीच विचारलं नाही. असल्या उन्हाळ्यात म्हातारी माणसं जातातच.

हेमलता भेटायला गेली, तेव्हा शांता घरामागे एका कुंडीपुढे बसली होती. कुंडीतली तुळस अर्धी जळाली होती. भिंतीकडची बाजू हिरवी होती, माळाकडची करपून काळी पडली होती.

हेमलताने शेजारच्या दाराकडे पाहिलं, मग त्याच्या पलीकडच्या. मागच्या अंगणातली प्रत्येक कुंडी तशीच होती. कडुलिंबाचं झाडसुद्धा एका अंगाने वाळलं होतं. ती सावलीत उभी राहिली. गालाला तीच चुलीची धग. तिने तळहात उचलून चेहरा आणि माळ यांच्यामध्ये धरला. गाल निवला. हात काढला, पुन्हा धग. जमीन तापली असती, तर हात धरून काय झालं असतं?

तिने मान वर केली. माळाच्या वळणावर पायरी-पायरीने ताणलेले पश्चिमेचे पडदे मावळतीकडच्या सूर्यासमोर उभे होते. स्वच्छ, निवळ. तिच्याच हातांनी ताणलेले. उतरत्या उन्हातले किरण त्या उभ्या पडद्यांवर आपटून खाली येत होते आणि नालेच्या दोन्ही बाजूंनी या पोकळीत एकवटत होते. छतावरचे आभाळात निघून जात होते. पडद्यांवरच्यांना जायला ही वस्तीच होती.

“शांता,” ती म्हणाली. “मामा खरं सांगत होते गं.”

तिने हात धरून दाखवला. शांताने स्वतःचा हात धरून पाहिला, काढला, पुन्हा धरला.

“तुम्ही जागा बघायला आला होतात,” ती म्हणाली, “तेव्हा वरून ही वस्ती दिसत होती का?”

“दिसत होती.”

“मग?”

हेमलता त्या वेळी वरून येणारं ऊन पाहत होती. परतवलेलं ऊन कुठेतरी जाऊन पडणार, एवढी साधी गोष्ट तिला कळायला नको होती का?

दुसऱ्या दिवशी ती संस्थेचे अध्यक्ष बजरंग जगदाळे यांच्याकडे गेली. सगळे त्यांना अण्णा म्हणत. माणूस वाईट नव्हता. यल्लाप्पांच्या मयतीला ते शेवटपर्यंत थांबले होते. हेमलताने त्यांना वस्तीवर नेऊन उभं केलं. त्यांनी हात धरून पाहिला आणि खाली घेतला. त्यांचा चेहरा उतरला.

“पडदे उतरवायचे म्हणतेस?” त्यांनी विचारलं.

“हो. तिथं जुना दुधी पेपर लावू. तो ऊन फोडून इकडंतिकडं पसरवतो, एका जागी फेकत नाही.”

“आणि आत?”

“आत तापेल. पश्चिमेच्या ओळी हाती लागणार नाहीत.”

“फुलं लागलीत, हेमा. तालुक्यात दुसरीकडं हिरवं पान राहिलेलं नाही. आणि तोडणीला कोण येतं? हीच वस्ती. पीक गेलं तर यांच्याच हातचं काम जाईल.” ते जरा थांबले. “असं केलं तर? वस्तीवरच हा पेपर ताणून देऊ. घरामागच्या अंगणांवरून, माणसं खाली गार राहतील. संस्था करून देईल.”

क्षणभर हेमलताला हायसं वाटलं. मग तिने वस्तीच्या पलीकडे पाहिलं. सडक, सडकेच्या कडेला मेंढपाळांचे तंबू, त्यांच्या मागे पुढच्या गावाची घरं.

“आणि वस्तीवरून परतलं की ते कुठं जाईल, अण्णा?”

“ते पुढचं पुढं बघू.”

“मीही तसंच म्हटलं असणार.”

अण्णा चालू लागले. सभा बोलवतो, एवढं मात्र जाताना म्हणाले.

सभेची वाट पाहायला हेमलता थांबली नाही. सकाळी टोळी माळावर जमली, तेव्हा तिने सगळ्यांना खरं काय ते सांगितलं आणि म्हणाली, “मी पडदे उतरवणार आहे. संस्थेनं सांगितलेलं नाही. ज्यांना नको त्यांनी घरी जावं, मी राग धरणार नाही.” माणसं एकमेकांकडे पाहू लागली. बरीचशी खाली मान घालून उतरून गेली. त्यात वस्तीवरचीही होती.

शांता राहिली. “माझा राग गेलाय असं समजू नका,” तिने बजावलं आणि ती शिडी चढली.

स्प्रिंग दाबायला जितका वेळ लागतो, त्याहून काढायला कमी लागतो. पहिला पडदा सुटून खाली कोसळला. आत मिरचीची पांढरी फुलं होती, पानांवर ओल होती. दुपारी त्या मोकळ्या बाजूने झळा आत शिरल्या, तेव्हा हेमलता तिथेच उभी होती. आधी पानं माना टाकू लागली. मग फुलं गळायला लागली, आवाज न करता, एकेक. ज्यांचं पीक होतं ती माणसं चढ चढून आली. कुणी शिव्या दिल्या, कुणी नुसतंच ओळीत बसून गळलेली फुलं गोळा केली. एक म्हातारी बाई हेमलताला म्हणाली, “लेकी, जरा दम धरायचास. हे एवढं पीक निघू द्यायचंस.” ते तिला शिव्यांपेक्षा लागलं.

अण्णा आले. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, खाली वस्तीकडे पाहिलं आणि पेपर पुन्हा चढवायला कुणाला सांगितलं नाही. नंतरच्या सभेत पुष्कळ भांडण होऊन तेच कायम झालं. छतावर गार पेपर, पश्चिमेला दुधी. वस्तीच्या सावल्या पुन्हा सावल्या झाल्या. पण पीक निम्म्यावर आलं आणि कामही. एकेक कुटुंब बोचकी बांधून शहराकडे निघालं. शांताही गेली. निघताना हेमलताला भेटली, “येते” एवढंच म्हणाली. तिच्या घरामागे आता चांगली गार सावली पडत होती आणि तिथं बसायला कुणी नव्हतं.

संस्थेचं काम हेमलताकडून गेलं. पण गार पेपराची मागणी थांबली नव्हती, उन्हाळ्यागणिक ती वाढतच होती. पुढच्या हिवाळ्यात शेजारच्या तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्यानं तिला जागा बघायला बोलावलं. टेकडीची उतरण होती, पश्चिमेला तोंड करून. त्यानं उत्साहानं पाणी दाखवलं, माती दाखवली, पाइप कुठे रोवायचे ते दाखवलं. हेमलता मात्र जागेकडे पाठ करून खाली पाहत होती. खाली वीटभट्टी होती. भट्टीभोवती पत्र्याच्या खोपटांची रांग होती, दोरीवर कपडे वाळत होते, एक बाई मुलाला पाटाच्या पाण्यानं आंघोळ घालत होती.

“तिकडं कोण राहतं?” तिने विचारलं.

“तिकडं? तिकडं कुणी नाही, ताई,” तो म्हणाला. “भट्टीवरची बाहेरची माणसं आहेत तेवढी. पावसाळ्यात जातात निघून.”

त्याच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता. त्याला त्याचं पीक वाचवायचं होतं, आणि उन्हाळा जवळ येत होता. हेमलताने त्याला सगळं समजावून सांगितलं, दुधी पडद्याची गोष्ट सांगितली, पीक किती कमी येईल तेही लपवलं नाही. तो नीट ऐकत होता, मान डोलावत होता. मग म्हणाला, “बरं, विचार करून कळवतो.” आणि सडकेपर्यंत तिला सोडायला आला.

तो कळवणार नाही, हे तिला ठाऊक होतं. पेपर चढवणारी दुसरी टोळी त्याला सहज मिळेल. ती माणसंही पहाटे येतील, पाइपांना पांढरा रंग देतील, ताण सारखा ठेवतील आणि काम चोख करतील. गुंडाळी उलगडण्याआधी त्यांच्यातलं एक तरी माणूस वळून खाली बघेल का?