परातीतली पिन

सरका गा जरा, शेकोटी काही तुमच्या एकट्याची नाही. आणि गिरिधर, तू माझ्यासमोर बस. आज दुपारी बापूजींचा चष्मा लपवून त्यांना तासभर परसात चाचपडायला लावलंस ना? मीही हसलो, खोटं कशाला बोलू. चौथीत मास्तरांच्या खुर्चीला खाजकुयली लावली, तिथंच माझी शाळा संपली. पण थट्टेत रुपराव मिस्त्री माझाही गुरू. त्याचं ऐक, मग ठरव चष्मा कधी परत द्यायचा ते.

सन एकाहत्तर, जानेवारीची एकोणीस, मंगळवार. पौष वद्य अष्टमी. दिवेलागणीला रुपराव सायकल हाणत इंदूबाईच्या घरी गेला. काम साधं होतं, एक पाना मागायचा. गॅरेजातल्या एका जुन्या गाडीचे नट विलायती मापाचे, आणि त्या मापाचा पाना तिच्या नवऱ्याकडे, धोंडबाकडे, होता. धोंडबाला जाऊन वर्ष झालं होतं.

इंदूबाईनं फडक्यात गुंडाळलेला पाना आणून दिला. हात मात्र लवकर सोडला नाही.

"भाऊजी, एक विचारू काय?"

"विचारा ना वं वहिनी."

"ते सुपारीलेही शिवत नव्हते. अन् नळावरच्या बाया मले पेताडाची बायको म्हणून राहिल्या. तुमी तं सोबत होते. खरंच घेतली होती काय हो त्यायनं?"

रुपरावानं खिशातली चुन्याची डबी चाचपली. म्हणाला, "जाऊ द्या वहिनी, गेलेल्या माणसाचं काय उगाळता." आणि सायकलवर टांग टाकली.

त्या डबीत काय होतं ते सांगतो. शेंगा खाणं थांबवा आधी, कुडकुड ऐकू येते.

कामठी रोडच्या त्या गॅरेजात दोन मिस्त्री. रुपरावाला थट्टेशिवाय भाकर पचत नसे, धोंडबाला शिस्तीशिवाय. धोंडबा डावखुरा. खोललेला एकेक नट, एकेक वायसर जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, परातीत ओळीनं मांडायचा. त्याचा नेम एकच: "ज्यानं खोललं त्यानंच कसाव. दुसऱ्याचा हात लागला का घात होते."

मारोतराव ठेकेदारानं आपली घरगाडी आणली ती याच्याकडेच. घरगाडी म्हणजे चाकांवरचं घर, इंग्रजाच्या जमान्यातलं, लिलावात घेतलेलं. आत झोपायला दोन बाकं, स्टोव्हला ओटा, खिडक्यांना जाळ्या. जंगलात कूप, म्हणजे ठेक्यानं घेतलेला झाडांचा पट्टा, तोडायला निघाला की ठेकेदार महिना महिना त्यातच राहायचा. पण स्टेअरिंग म्हातारं झालेलं. अर्धा फेरा फिरवा, चाकं आपली निवांत.

धोंडबानं सगळं उतरवलं. स्टेअरिंगच्या पेटीतले दाते खरादावर, लेथवर, नवे करून घेतले, बुश बदलले. पेटीपासून चाकाकडे एक दांडा जातो. त्याच्या टोकाचा नट खाचांचा असतो. खाचेतून आरपार कॉटर पिन घालून तिचे पाय दुमडायचे, म्हणजे हादऱ्यानं नट फिरत नाही. करंगळीएवढी पिन, पण सगळं घर तिच्या भरवशावर.

रुपरावानं परातीतून तीच पिन उचलली आणि चुन्याच्या डबीत टाकली. का, म्हणाल तर काहीच नाही. तुझ्यासारखंच, गिरिधर. हा शिस्तीचा पठ्ठ्या एकदा तरी हात जोडेल, एवढीच हौस.

धोंडबानं परात तीनदा पाहिली. मग विचारलं, "पिन पाह्यली काय गा रुपराव?"

"मले काय माहीत? उंदरानं नेली असन."

सगळं गॅरेज खदखदलं. धोंडबानं हात जोडले नाहीत. बाजार बंद झाला होता, मारोतराव घाई करत होता. त्यानं नटात तार गुंडाळली आणि म्हणाला, "पिन उद्या आणतो. जरा फिरवून पाह्यतो." रुपरावानं त्याला जाताना पाहिलं. आता हाक मारू, मग मारू, करत हसत राहिला.

दोन मैलांवर तार तुटली. स्टेअरिंग फिरत राहिलं, चाकं ऐकेनात. रस्त्याकडेच्या कडुनिंबानं गाडी थांबवली. धोंडबालाही.

पोलिसानं विचारलं तेव्हा रुपराव म्हणाला, "घेत होता साहेब थोडी. नट कसाचं विसरला असन."

तेव्हापासून ती पिन डबीतच होती. टाकवत नव्हती, दाखववत नव्हती.

वर्षभर गाडी गॅरेजच्या अंगणात ताडपत्रीखाली पडून राहिली. आता मारोतरावाला ती बुधवारी सकाळी हवी होती, आणि तिचं स्टेअरिंग जाणणारा एकच मिस्त्री उरला होता. म्हणून त्या मंगळवारी रुपराव रात्री थांबला. एकटाच. थंडी अशी की लोखंडाला हात लावला तर चिकटावा. पुढची चाकं ठोकळ्यांवर उचललेली, खाली पोतं, पोत्यावर रुपराव, उशाशी कंदील. परातीत नवी कोरी पिन.

साडेबाराला चंद्र उगवला. धोंडबाच्या पान्यानं त्यानं नट कसला. खाच भोकासमोर येईना. सोडला, पुन्हा कसला. केसभर राहिलं. पुन्हा. पुन्हा केसभर.

नट धोंडबानं खोलला होता ना. त्याच्या हातानं पिन घालून तो बंद झालाच नव्हता.

तेवढ्यात दांडा हलला.

जरासा डावीकडे. मग उजवीकडे. मिस्त्री स्टेअरिंगमधली ढिलाई पाहतो ना, तसा हलका.

"कोन हाय गा वर?"

...

वर बाक करकरलं. कुणीतरी बसलं.

"मारोतराव?"

...

बाक पुन्हा करकरलं. दार वाजलं नाही. पाऊल वाजलं नाही.

मग चाकाच्या बाजूनं, गाडीखाली, एक हात आला. पालथा नाही. उताणा. हत्यार मागताना मिस्त्री धरतो तसा. कोपरापर्यंत काळं ग्रीस.

डावा हात.

हात थांबून राहिला. त्याला घाई नव्हती.

"पिन..."

आवाज धोंडबाचा. रागाचा नाही, तेच वाईट. परात तीनदा पाहून विचारलं होतं, तेव्हासारखाच.

डबी खिशात होती. काढायची आणि त्या तळव्यावर ठेवायची. एवढंच. रुपरावाचा हात खिशाकडे गेलाही. पण जिभेला जी सवय...

"मले काय माहीत? उंदरानं नेली असन."

...

हात हलला नाही.

...

मग एकेक बोट मिटलं. कंदील विझला.

सकाळी मारोतरावानं त्याचे पाय धरून बाहेर ओढलं तेव्हा तो जागा झाला. ठेकेदार खूश. "वा रे मिस्त्री, झालं की काम!"

रुपराव पुन्हा खाली वाकला. नट कसलेला. खाच भोकासमोर. आत पिन. जुनी. पाय डावखुऱ्यानं दुमडावेत तसे, उलटे. नवी पिन परातीत तशीच होती. त्यानं डबी उघडली. आत नुसता चुना.

"काय झालं गा?"

"काही नाही," रुपराव म्हणाला. "न्या गाडी."

न सांगायची त्याची ही पाचवी वेळ. धोंडबा आपला नट कसून मोकळा झाला. त्याचं नाव तेवढं रुपरावानं पेताड म्हणून बांधून ठेवलं.

मला त्यानं सांगितलं ते गेल्या वर्षी, ब्याऐंशीत, खाटेवर पडल्या पडल्या, भिंतीकडे तोंड करून. मी म्हणालो, "चाल, आत्ताच्या आत्ता इंदूबाईले सांगू."

"ते चार महिन्याआधी गेली ना गा," तो म्हणाला. "म्हनूनच तं सांगून राहिलो."

आयुष्यभर लोकांना हसवलं मी. त्या दिवशी मला हसू आलं नाही, रडूही नाही. थुंकावंसं वाटलं.

ती गाडी आता उमरेड रोडला एका भंगारवाल्याच्या मागे पडली आहे. छत गेलं, बाकं लोकांनी जाळायला नेली, दांडा गंजून भाकरीच्या पापुद्र्यासारखा सुटतो. गेल्या आठवड्यात मी मुद्दाम गेलो, खाली वाकलो, पिनेला बोट लावून पाहिलं.

हे पाहा बोट. काळं अजून निघालं नाही. अकरा-बारा वर्षं तिला कुणी हात लावला नाही, आणि ग्रीस ओलं होतं.

कुठं चालला रे गिरिधर? ... चष्मा? जा. पळ. बापूजी जागेच असतील.