तळ्याकाठी राहिलेली हाक

"जिथे जिथे थांबशील, तिथून निघताना पोरीला हाक मार. विसरू नकोस."

सासूबाई हे माझ्या जावेला सांगत होत्या तेव्हा मी तिथेच होते, चुलीपाशी मासे साफ करत. तेवढं मी कानांनी ऐकलेलं आहे. पुढचं मला जावेने सांगितलं, दिराने सांगितलं आणि त्या पाहुणीचं पत्र मी स्वतः वाचलं. तिघांचं सगळं जुळतं.

एकच गोष्ट जुळत नाही... तिच्यामुळे हे लिहायला बसले.

गेल्या नोव्हेंबरातला गुरुवार. कंबोडियात बात्तंबांग शहराच्या कडेला आमचं घर आहे, तिथली सकाळ. सहा वाजले असतील.

कुंथिया माझी धाकटी जाऊ. कॉलेजात इंग्रजी शिकलेली, परवानाधारक गाइड. दीर, सारुन, टुकटुक रिक्षा चालवतो. दोघांचं काम ठरलेलं. एका दिवसाला एकच पाहुणा, आणि मोठा रस्ता सोडून गावागावांतून फेरी. त्या दिवशी सासूबाईंना विहारात जायचं होतं. मला आठवा महिना होता, चालायला लागलेल्या पोरीमागे धावणं होत नव्हतं. म्हणून कुंथियाची चौदा महिन्यांची लेक तिच्याबरोबरच निघाली. पाहुणीने आधीच "आण की" म्हटलं होतं.

मुलीचं नाव घरात कुणी घेत नसे. तिला सगळे काळुंद्री म्हणत.

"काल रात्री पुन्हा हसली झोपेत," सासूबाई म्हणाल्या. "ती आली होती खेळवायला."

ती म्हणजे मुलीची मागच्या जन्मीची आई. आमच्याकडे मानतात की तान्हं मूल झोपेत हसतं तेव्हा ती त्याच्याशी खेळत असते. तिला आपलं मूल परत हवं असतं.

कुंथिया आई म्हणून बेफिकीर नव्हती हो. मुलीचा श्वास चालू आहे ना, हे बघायला रात्रीत चारदा उठायची. त्या सकाळीही डोळे तांबारले होते. ती वैतागून म्हणाली, "मग आई, तिला म्हणावं, नुसतं खेळवू नकोस. दूधही पाजून जा. मला तेवढीच झोप मिळेल."

मी हसले.

सासूबाई हसल्या नाहीत. "तोंड आवर. आणि निघताना हाक मार."

"हो हो. लाउडस्पीकर घेऊन जाते."

पाहुणी जोआन. ऑस्ट्रेलियाची, सत्तरीची, निवृत्त शिक्षिका. नदीकाठच्या रस्त्याला पहिला थांबा बांबूच्या नळीत भाजलेल्या चिकट भाताचा. भात विकणारी मिंग सोम कुंथियाच्या ओळखीची. मिंग म्हणजे मावशी. तिने मुलीला उचललं आणि गालाला नाक लावून ओरडली, "ई! किती घाणेरडी पोरगी ही! नाक आहे का चेपलेला भोपळा? कोण नेणार गं तुला?"

कुंथियाने भाषांतर करून सांगितलं तशी जोआन चमकली. "असं का बोलते ती? इतकी गोड आहे."

"त्याची एक गोष्ट आहे, मॅडम. दुपारी सांगते."

गोष्टी दुपारी सांगायच्या, जेवणानंतर. ते ठरलेलं होतं.

जेवण न्येम आजोबांच्या कमळतळ्यावर झालं. त्यांना सगळे ता न्येम म्हणतात. तळ्यात बांबूच्या खांबांवर झोपड्या, झोपडीत झोळ्या टांगलेल्या आणि काठावरून यायला एकच अरुंद बांबूचा पूल. कमळाच्या देठांचं आंबट कालवण आणि भाजलेला मासा. गिऱ्हाईक दुसरं कोणी नव्हतं. सारुन काठावर टुकटुकमध्ये आडवा झाला होता. मुलगी झोळीत झोपली होती.

आणि कुंथियाने मागच्या जन्मीच्या आईची गोष्ट सांगितली. दर आठवड्याला सांगायची तशी. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, सगळं पाठ. मुलाला गोड का म्हणत नाहीत, खरं नाव का घेत नाहीत, तेही सांगितलं. ऐकलं की ती न्यायला येते.

"मग हिचं खरं नाव काय?" जोआनने विचारलं.

कुंथियाने झोळीकडे बघितलं. मग तिला स्वतःचाच राग आला. शिकलेली बाई मी, आणि लेकीचं नाव घ्यायला घाबरते?

"रुमदुओल," ती म्हणाली. "फुलाचं नाव आहे."

"नावासारखीच सुंदर आहे."

"आहेच."

मोठ्याने म्हणाली. मुद्दाम.

झोळी हलली...

वारा नव्हता. तळ्यावर कमळाचं एक पान हलत नव्हतं.

झोळी तेवढी एका लयीत हलत राहिली. मुलगी झोपेत हसली.

"बघा, आलीच ती!" कुंथिया विनोद करावा तसं म्हणाली. जोआन टाळी वाजवून हसली.

मग कुंथिया बिल द्यायला काठावर गेली. पाचच मिनिटं. मुलीपाशी जोआन होती ना. परतली तेव्हा जोआन पुलाच्या तोंडाशी उभी राहून कमळांचे फोटो काढत होती. मुलगी झोळीत जागी होती.

रडत नव्हती. नुसती बघत होती... पाण्याकडे.

दोन वाजले होते. पुढे एक जुनं देऊळ होतं, आणि साडेपाचला वटवाघळांचा डोंगर गाठायचा होता. तिथे संध्याकाळी गुहेतून लाखो वटवाघळं बाहेर पडतात, ती बघायला पाहुणे येतात.

टुकटुकपाशी सारुनने विचारलं, "हाक मारलीस?"

"मॅडमसमोर तळ्याकडे तोंड करून ओरडू, बोंग?" ती नवऱ्याला बोंग म्हणते, आमच्याकडे बायका म्हणतात तसं.

"मला काय. आईने विचारलं तर मी खरं सांगणार."

"सांग. चावी फिरव आधी."

त्याने चावी फिरवली.

वीस मिनिटं गेली असतील. लाल धुळीचा रस्ता, दोन्ही बाजूंना पिकलेलं भात. मुलीला अकरापासून पाजलं नव्हतं, कुंथियाची छाती दुखायला लागली होती. तिने पदराआड घ्यावं तसं क्रामा, तो आमचा चौकटीचा पंचा, खांद्यावर ओढला आणि मुलीला जवळ घेतलं.

मुलीने तोंड फिरवलं.

पुन्हा घेतलं. पुन्हा फिरवलं. पोटाला हात लावला, तर पोट गच्च भरलेलं.

मुलीने ढेकर दिला...

वास आला. थंड, गाळाचा. आणि त्यात गोडसर दुधाचा.

तो वास कुंथियाच्या दुधाचा नव्हता. स्वतःच्या दुधाचा वास आईला ओळखू येतो.

"काळुंद्री," तिने हाक मारली.

मुलीने बघितलं नाही.

"काळुंद्री! ए!"

मुलगी मागे बघत होती. मागच्या रस्त्याकडे. कुंथियाने तिच्या मांडीला चिमटा काढला, लाल वळ उठेपर्यंत.

ती रडली नाही.

जोआन म्हणाली, "भूक नसेल तिला. आत्ताच तर प्यायली."

"कुठे?"

"तिथेच. तुझी बहीण होती ना ती? तू बिल द्यायला गेलीस तेव्हा झोळीशी बसून पाजत होती. मी पुलावरून वळून बघितलं आणि पुन्हा पाठ फिरवली. बघत बसणं बरं नाही वाटलं."

कुंथिया तिच्याकडे वळली. "कशी होती?"

"केस ओले होते. आताच न्हाऊन आल्यासारखे."

"कुठून आली?"

"पुलावरूनच..." जोआन बोलता बोलता थांबली. तिचा चेहरा उतरला. "नाही. पुलावर तर मी होते."

तिला ओलांडून कुणी गेलं नव्हतं.

"बोंग, गाडी फिरव!"

सारुनने जागच्या जागी गाडी वळवली. जोआन एवढंच म्हणाली, "वटवाघळं गेली खड्ड्यात. चला."

ता न्येम काठावर बसून आपली मासे धरायची टोपली धूत होते. सुपासारखी, बांबूची, दोन्ही हातांनी पाण्यातून ओढायची. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"इथे बाईमाणूस नाही, पोरी. बायको गेली त्याला सहा वर्षं झाली."

मग त्यांनी मुलीकडे बघितलं. बराच वेळ.

"निघताना हाक मारली होतीस?"

कुंथियाने मान हलवली. नाही.

त्यांनी धुतलेली टोपली तिच्या हातात दिली. "कशी ओढायची ते ठाऊक आहे ना?"

ठाऊक होतं. माणसाला एकोणीस प्राण असतात, हाक न मारता निघालं की मागे राहिलेले प्राण टोपलीने, एका ओढीला एक, ओढून परत आणायचे असतात, हेही ती पाहुण्यांना सांगायची. जेवणानंतर. हसत हसत.

झोपडीत झोळी अजून हलत होती...

तिच्या खालच्या फळ्या ओल्या होत्या.

मुलीला जोआनच्या मांडीवर देऊन कुंथिया फळ्यांच्या कडेला गुडघ्यांवर बसली. सारुन मागे उभा राहून मोजत होता. तिने टोपली पाण्यात घातली आणि ओढली.

"ये गं काळुंद्री, घरी ये. इथे राहू नकोस. एक."

हलकी आली.

"ये गं. आजी वाट बघतेय. दोन."

पाच... नऊ... बारा. हात भरून आले. तळं गप्प होतं. बेडूकसुद्धा ओरडत नव्हता.

शेवटच्या वेळी टोपली वर येईना.

काही अडकलं असेल म्हणून तिने हिसका दिला. पलीकडून हिसका आला.

खाली कुणीतरी कड धरली होती.

जोआन किंचाळली. सारुन पुढे झाला. कुंथियाने त्याला कोपराने मागे ढकललं. तिची भीती तिथे संपली, असं ती सांगते. राग तेवढा उरला.

"सोड!" ती पाण्याकडे बघून ओरडली. "ऐकू येतं ना तुला? सकाळचं माझं बोलणं बरोब्बर ऐकलंस, मग हेही ऐक. दूध पाजून जा म्हणाले ते वैतागून म्हणाले. ते आमंत्रण नव्हतं! मागच्या जन्मी तुझी होती? असेल. मागचा जन्म संपला. या जन्मी हिला मी नऊ महिने वागवलंय. हिच्या तापात मी जागलेय. झोपेत येऊन हसवतेस, त्यात काय मोठं? हसवायला कुणीही येतं. रात्री तीनला रडते तेव्हा कुठे असतेस तू?"

टोपली ओढली जात होती. तिचे हात कोपरापर्यंत पाण्यात गेले.

"आणि नाव ऐकायचंय तुला? घे! रुमदुओल! रुमदुओल! सुंदर आहे माझी लेक! घाबरत नाही मी तुला! नेऊन तर बघ. या तळ्यात उतरेन, तुला शोधेन, आणि पुढच्या सगळ्या जन्मांत तुझ्या मानेवर बसेन!"

टोपली सुटली.

ती पाठीवर आपटली. टोपलीत थोडा गाळ होता. बाकी काही नाही.

आणि मागे मुलीने टाहो फोडला. चिमट्याचं रडणं जणू तासभर कोंडून राहिलं होतं. कुंथियाने तिला ओढून छातीशी घेतलं. ती अधाशासारखी प्यायली.

झोळी थांबली होती.

निघायला संध्याकाळ झाली. परतताना लांब डोंगरावरून काळी रेघ आकाशात चढत गेली. "ती बघ तुझी वटवाघळं," जोआन म्हणाली. मग ती रडायला लागली.

घरी सासूबाईंनी मुलीच्या मनगटाला लाल दोरा बांधला. एका शब्दाने टोमणा मारला नाही. त्यावरून मी ओळखलं, त्या किती घाबरल्यात.

कुंथियाने काम सोडलं नाही. तोच रस्ता, तीच गावं. आता लेक बरोबर असली की प्रत्येक थांब्यावरून निघताना ती खणखणीत हाक मारते. पाहुणे व्हिडिओ काढतात.

"काढू देत," ती म्हणते.

मागच्या महिन्यात जोआनचं पत्र आलं. मुलीची चौकशी केली होती, कमळांचे फोटो होते. खाली एक ओळ होती. *तू टोपली ओढत होतीस तेव्हा भीती घालवायला मी आपली मोजत बसले होते. अठरा वेळा ओढलीस. अठरा या आकड्याला तुमच्यात काही अर्थ आहे का?*

कुंथिया म्हणते, एकोणीस. सारुन म्हणतो, एकोणीस, मी स्वतः मोजले.

जोआनला एकोणीस प्राणांचं सांगायचं त्या दिवशी राहूनच गेलं होतं. तिला चुकवायचं कारण काय?

मी कुंथियाला विचारलं, "एक राहिला असेल तर गं?"

ती मुलीची वेणी घालत होती. हात थांबले नाहीत. "राहू दे. अठरा माझ्याकडे आहेत. एकाच्या जोरावर ती किती ओढेल?"

तिची हिंमत माझ्यात नाही.

माझा मुलगा सात महिन्यांचा झालाय. दोन्ही पोरं दुपारी एकाच खोलीत झोपतात. रविवारी दोघं एकाच वेळी हसली... झोपेत. उठल्यावर माझ्या मुलाने दूध घेतलं नाही. पोट भरलेलं होतं. मी त्याच्या तोंडाला नाक लावलं, आणि मग अंगणात जाऊन घसा बसेपर्यंत त्याला घरच्या नावाने हाका मारल्या. शेजारी बघत होते. बघू देत.

तुमच्या घरात आत्ता एखादं तान्हं झोपलेलं असेल, तर हे वाचणं इथेच थांबवा. जा, त्याला बघून या. हसत असेल तर हसू द्या.

पण वाकून त्याच्या तोंडाचा वास घ्या.