डोळे मिटून पन्नास

शनिवार, ११ जानेवारी २०२५. सकाळचे सात वाजून वीस मिनिटे. चिखलीहून पुण्याला निघालेली शाळेची बस देऊळगाव राजाजवळ चहासाठी थांबली, तेव्हा तीत पंचेचाळीस जण होते : एक्केचाळीस विद्यार्थी, दोन शिक्षक, चालक पुंजाजी आणि माणिकराव.

माणिकराव तंत्रनिकेतनाच्या कार्यशाळेत तीस वर्षे शिकवून निवृत्त झालेले. राज्यस्तरीय विज्ञान प्रदर्शनासाठी शाळेने त्यांना मार्गदर्शक म्हणून सोबत घेतले होते. उतरण्यापूर्वी डोकी मोजावीत म्हणून ते उठले, तोच मधल्या बाकावरून किंकाळी आली.

"सर, मायं सर्किट नाई डब्यात!"

दीपमाला दहावीत होती. मातीची ओल स्वतः ओळखून ठिबकचे पाणी सोडणारे यंत्र तिने बनवले होते. त्या यंत्राचा मेंदू म्हणजे काडेपेटीएवढे सर्किट. चार महिने सोल्डरिंगचे डाग देऊन तिने ते जुळवले होते आणि सुती फडक्यात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवले होते. दुपारी चारला यंत्र परीक्षकांसमोर चालले नाही, तर त्याच शाळेचे राखीव यंत्र आत जाणार होते. ते राखीव यंत्र पुष्पांजलीचे.

पुष्पांजली ही दीपमालेची पहिलीपासूनची मैत्रीण. दोघी एकाच बाकावर बसल्या होत्या आणि डबा दोघींच्या मध्ये होता. पुष्पांजलीचे वडील गणेश सर हे शाळेचे विज्ञान शिक्षक आणि तंत्रनिकेतनातले माणिकरावांचे एके काळचे लाडके विद्यार्थी.

"पुंजाजी, दार उघडू नका," माणिकराव म्हणाले. "दीपमाला, शेवटचं कधी पाहिलंस?"

"निघताना. पुष्पीले दाखवलं. बॅटरी लावली तं दिवाही लागला."

"मग?"

"मग गेम सुरू झाले."

खेळ गणेश सरांनी आखले होते. पहिला पुडक्याचा. वर्तमानपत्राच्या अनेक थरांत गुंडाळलेले पुडके हातोहात फिरायचे. सर पुढच्या बाकावर पाठ करून बसत आणि मोबाइलवरचे गाणे थांबवत. ज्याच्या हाती पुडके, त्याने एक थर सोडायचा आणि आतल्या चिठ्ठीत लिहिलेली नक्कल करायची. माणिकरावांनाही कोंबड्याची बांग द्यावी लागली होती.

नंतर 'काय गेलं?' हा खेळ. सर कंपास, कंगवा, किल्ली अशा वस्तू सर्वांना दाखवत. सगळ्यांनी डोळे मिटून मोठ्याने आकडे मोजायचे. तेवढ्यात सर एक वस्तू लपवत. डोळे उघडले की कोणती गेली ते ओळखायचे. चोरून पाहील तो बाद.

त्यानंतर पुन्हा पुडके. ते दुसऱ्यांदा हाती आले, तेव्हा माणिकराव हसून म्हणाले होते, "गणेश, थर उतरले तसं हे जड होत चाललंय की काय?" त्यावर बस हसली होती. या डावात एकही थर सुटण्याआधीच सरांनी खेळ थांबवला : "आतला खाऊ परतीला!" पोरांनी ओरडून बस डोक्यावर घेतली होती.

आता तीच पोरे बाकांखाली वाकून शोधत होती. थंडीमुळे सगळ्या खिडक्या बंद. चिखलीपासून कुणी उतरले नव्हते. म्हणजे सर्किट आतच होते.

दुसऱ्या शिक्षिका मंजुश्री मॅडमनी मुलींच्या बॅगा पाहिल्या, गणेश सरांनी मुलांच्या. चिवडा निघाला, पत्त्यांचा जोड निघाला, एका बॅगेतून चोरून आणलेला दुसरा मोबाइल निघाला. सर्किट नाही.

मागून कुणीतरी म्हणाले, "पुष्पीले विचारा ना बे! फायदा कोनाचा हाय?"

"मी कायले घेऊ?" पुष्पांजली ताडकन उठली. "दीपे, तू तरी सांग ना यायले!"

दीपमालेने खाली पाहिले.

"सर, आता निघू या," गणेश सर खिडकीबाहेर पाहत म्हणाले. "चारच्या आत पोचायचं आहे. नशिबात नसेल एखाद्याच्या. राखीव यंत्र आहेच."

माणिकराव त्यांच्याकडे पाहत राहिले. चारचौघांत पोरीला चोर म्हटले जात होते आणि बापाच्या तोंडून तिच्यासाठी एक शब्द निघाला नव्हता.

"पुंजाजी, आरशात काही दिसलं?"

"नाई जी. समोर कापसाची गाडी, वरून धुकं. मी रस्ता पाहू का पोरं? ऐकू मात्र आलं. दरखेपी दहापर्यंत मोजत होते. एका खेपेले लयच लांबलं."

"किती?" माणिकरावांनी मुलांना विचारले.

"पन्नास!" दहा-बारा आवाज एकदम आले. "सर म्हणे, मोठ्यानं मोजा, मागच्यायलेही ऐकू आलं पाहिजे."

"तुमच्यापैकी डोळे कुणी उघडले?"

कुणीच नाही. माणिकरावांनी आणि मंजुश्री मॅडमनीही उघडले नव्हते. त्या पन्नास आकड्यांत बसमध्ये उघडे डोळे चारच होते. त्यांतले दोन रस्त्यावर होते.

"गणेश, ते पुडकं आण."

"सर, त्यात मुलांचा खाऊ आहे."

"आण म्हटलं."

पुडके हातात घेऊन माणिकरावांनी ते हळूच फिरवले. सगळे थर साध्या पारदर्शक टेपने चिकटवलेले होते. एका बाजूला मात्र चीर होती आणि तिच्यावर वायरिंगची काळी टेप. टेपचे टोक आत दुमडलेले होते.



"मुलांनो, नीट ऐका," ते म्हणाले. "पहिल्या डावात हे पुडकं मी हाताळलं, तेव्हा काळी टेप नव्हती आणि पुडकं हलकं होतं. दुसऱ्या डावात कागद कमी झाले होते, तरी एक बाजू जड लागली. मी त्याचा विनोद केला. विचार करायला हवा होता. दोन डावांच्या मध्ये हे कुणाजवळ होतं?"

"सरांजवळ," मंजुश्री मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "त्यांच्या मांडीवर."

"बॅगा तपासल्या जाणार हे चोराला ठाऊक होतं. म्हणून त्यानं वस्तू अशा ठिकाणी ठेवली, जी सगळ्यांच्या हातांतून जाते आणि म्हणूनच कुणी तपासत नाही. गाणं थांबवणं त्याच्याच हाती. पुडकं तळापर्यंत उघडण्याआधी खेळ थांबवणंही त्याच्याच हाती."

त्यांनी काळ्या टेपचे टोक चिमटीत धरले. नख लावावे लागले नाही. टेप सहज सुटली.

"पुढच्या कारागिराला उकरत बसावं लागू नये, म्हणून टोक दुमडून ठेवायचं. हे मी शिकवलं होतं, गणेश. माझ्या हाताखाली शिकलेला एकच माणूस या बसमध्ये आहे."

चिरेतून सुती फडके बाहेर आले. फडक्यात सर्किट.

गणेश सर लेकीकडे न पाहता म्हणाले, "परतीला तिच्या डब्यात ठेवून देणार होतो, सर. पोरीला एक संधी..."

"म्या मांगितली होती काय?" पुष्पांजलीचा आवाज फाटला. "सगळे मले चोर म्हणून राह्यले, बाबा. आन् तुमी खिडकीतून पाहून राह्यले होते!"



मंजुश्री मॅडमनी मुख्याध्यापकांना फोन केला. गणेश सरांनी इथूनच परत यावे, असा निरोप आला. उतरताना ते माणिकरावांच्या पायांशी वाकले. माणिकरावांनी पाय मागे घेतले. त्यांना स्वतःलाच त्याचे नवल वाटले. पण घेतले खरे.

दीपमालेने बॅटरी जोडली. हिरवा दिवा लागला. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत, कारण पुष्पांजली बॅग खांद्यावर अडकवून दाराच्या पायरीवर जाऊन उभी होती. खाली बाप एकटाच रस्ता ओलांडत होता.

"कुठी चालली?" दीपमालेने विचारले.

"तुलेही खरंच वाटलं ना, म्या घेतलं म्हून?"

दीपमालेने खोटे सांगितले नाही. "हाव. वाटलं."

तिने सर्किट फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवले.

"डबा पकड न येऊन," दीपमाला म्हणाली. "माये हात कापून राह्यले. मधात कुठी पडला तं?"

पुंजाजीने इंजिन सुरू केले. माणिकरावांनी पायरीकडे पाहायचे टाळले, दार लागल्याचा आवाज ऐकला आणि पुंजाजीपासून, बोट फिरवत, एकेक डोके मोजत मागेपर्यंत गेले. स्वतःला शेवटी धरले.

पंचेचाळिसांतला एकच कमी : चव्वेचाळीस.