किनार बदलली, रंग राहिला

सुज्ञ वाचकहो, संगणकाच्या एका आज्ञेने दोन अंतःकरणांत प्रथम प्रलय व तदनंतर प्रीती कशी उत्पन्न केली, ती कथा येथे सादर होत आहे. शांतचित्ताने वाचावी, ही विनंती.

वडगावातील एका साडी-कारखान्यात काकती गावचा नागेंद्र रुजू झाला, आणि पहिल्याच सकाळी अजाणता तेथे साड्यांची नोंद ठेवणाऱ्या रचनाच्या खुर्चीत बसला. पडद्यावर एक्सेलमध्ये तिची साड्यांची वर्णने होती. प्रत्येक चौकटीत ‘अंग’ हिरव्या अक्षरांत, ‘काठ’ लाल, ‘पदर’ जांभळा. विणकर ते रंग पाहूनच मागावर सूत चढवीत. शेजारी मालकांची चिठ्ठी होती: ‘काठ’ काढून सर्वत्र ‘किनार’ करणे.

नागेंद्राने शोधून बदलण्याची आज्ञा दिली. शब्द बदलले... आणि प्रत्येक चौकटीतील सारी अक्षरे नखशिखांत हिरवी झाली.

“कोण रं तू?” मागून रचनाचा स्वर आला.

“नागेंद्र... आजच आलोय.”

“आणि आल्या-आल्या सगळ्या साड्यांचा पोपट केलास व्हय?”

तिने त्याने केलेला बदल मागे घेतला. मजकूर उचलून वर्डमध्ये नेला, तेथे शब्द बदलला, आणि पुन्हा आणून ठेवला. लाल ते लालच राहिले. तिच्या केसांत सुताचा एक तंतू अडकला होता. तो काढावा, की न काढावा...

“कळलं?”

“न्हाय. उद्या परत दाखवा.”

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, “काल दाखवलं न्हवं?”

“काल तुमच्याकडं बघत होतो.”

असे कित्येक ‘उद्या’ लोटले. अखेर मागांच्या खडखडाटात त्याने धीर केला. “रचना... माझ्याशी लगीन करशील?”

तिचे हसू मावळले. “माझ्या आक्काच्या लग्नात तांदळाच्या ताटात दाजींनी नवं नाव लिवलं. लई हसरी शेवंता, गप्प सुजाता झाली. नाव बदललं, आणि रंगच गेला बघ तिचा. मला त्याचंच भ्या वाटतंय.”

“मला पहिल्याच दिवशी अद्दल घडलीया,” नागेंद्र हळूच म्हणाला.

रचनाने होकार दिला. लग्नमंडपात तांदळाचे ताट पुढे आले. आत्या गंगव्वा वाकली, “काय नाव ठेवतोस रं?”

नागेंद्राने अंगठीने सावकाश लिहिले — रचना.

“आरं, हे तर जुनंच की.”

“व्हय आत्या. बदलाय गेलं की रंग जातोय.”

हिरव्या साडीची लाल किनार ओठांशी धरून नववधू पुटपुटली, “शिकलासा की... अहो.”

त्याला ‘अहो’ म्हणण्याचा बदल मात्र तिने आपण होऊन केला होता.

वेळ काढून वाचलेत, याबद्दल वाचकांचा ऋणी,
परशराम भावकू, काकती