पेव्हरवरची सरकती खुर्ची

पुंजाराम मिस्तरी सकाळच्या जीपनं क्रांती चौकातून निघाला, तेव्हा त्याच्या मांडीवर एक लोखंडी खुर्ची होती. जीपवाल्यानं ती टपावर टाकायला सांगितली. पुंजारामनं ऐकलं नाही. फर्दापूरपर्यंत तीन तास त्यानं ती लेकरू धरावं तशी धरून ठेवली.

खुर्ची रस्त्यावर डांबर अंथरायच्या मशीनची होती. पेव्हर म्हणतात तिला. पुढून डंपर गरम डांबरखडी ओततो, मागून सपाट रस्ता निघतो. वर मधोमध चालक बसतो. उजव्या अंगाला पुढे एक दांडी असते, तिला साखळी लोंबते. ती साखळी चुन्याच्या रेघेवरून ढळू द्यायची नाही, हे चालकाचं काम. पण मधे बसलेल्याला साखळी दिसत नाही. म्हणून दिवसभर उजवीकडं कलायचं, मान बाहेर काढायची. पायाखाली इंजिनची धग, तोंडावर डांबराचा धूर.

पुंजारामचा धाकटा भाऊ कडूबा असा नऊ वर्षं बसला. उंच गडी. उजवा खांदा कायमचा उतरला होता. जेवायला बसला तरी कललेला दिसायचा.

"दादा, खुर्ची बाजूला सरकंल असं काय तरी कर. लोखंडच तर हाय," असं तो सलग तीन उन्हाळे म्हणाला.

"गड्यानं मशीनला जुळवून घ्यायचं असतं. मशीन गड्याला जुळवून घेत नसती," पुंजारामचं उत्तर एकच.

मागच्या वैशाखात कललेला असतानाच कडूबाच्या कमरेत उसण भरली. हात सुटला, तो खाली पडला. खाली नुकतंच अंथरलेलं डांबर होतं. चौथ्या दिवशी त्याला दवाखान्यातून देवगाव रंगारीला आणलं, तेव्हा तिरडीवरही तो सरळ निजेना.

तेरावं झालं तसा पुंजाराम खुर्चीच्या कामाला लागला. तो थोरला होता. थोरल्यानं चूक कबूल करायची रीत त्याच्या घरात नव्हती. वर्षभर तो एकेक पाइप कापत राहिला. टेप लावली नाही. मांडीची लांबी, पाठीची उंची, सगळं कडूबाचं. हाताला ठाऊक होतं.

फर्दापूरच्या अलीकडं मशीन उभी होती. नवा चालक त्रिंबक, बुटका आणि बोलका. कडूबाची बायको चतुराबाई याच टोळीत रस्ता झाडायला होती. थोरला दीर दिसला तसा तिनं पदर पुढं ओढला.

तासाभरात खुर्ची बसली. खिट्टी ओढली की ती रुळावरून उजवीकडं सरके आणि 'खट्' करून अडके. तिथं टेकून बसलं की साखळी समोर दिसे.

"मिस्तरी, ही तर नवरदेवाची खुर्ची!" त्रिंबक वरून ओरडला. "पर माझे पाय लोंबत्यात. माप कोन्या उंटाचं घेतलं?"

बायका हसल्या. चतुराबाई हसली नाही.

नवी बैठक लावली की तिच्यावर जो बसणार त्याचं नाव घेऊन नारळ फोडायचा, ही टोळीची रीत. सगळे जमले. त्रिंबक छाती काढून उभा राहिला.

"बोला मिस्तरी, कुनाच्या नावानं?"

पुंजारामनं नारळ उचलला. वर्षभर मनात धरलेलं तोंडाशी आलं. 'चुकलो' म्हणणं काही जमलं नाही.

"कडूबाच्या," तो म्हणाला आणि नारळ आपटला.

त्रिंबकचा चेहरा उतरला. चतुराबाईच्या हातातला झाडू थांबला.

बारा वाजता डंपर संपले. इंजिन बंद झालं. सगळे लिंबाखाली भाकरीची फडकी सोडून बसले. वारा नव्हता. काळ्या रस्त्यावर ऊन थरथरत होतं. तापलेलं लोखंड मधूनच टिकटिक करी, तेवढाच आवाज.

मग मशीनवरून आवाज आला. खट्.

त्रिंबकचा घास हातातच राहिला. "म्या तर मधी सारून उतरलो व्हतो..."

खुर्ची उजवीकडं सरकलेली होती.

"रूळ तापला असंल," पुंजाराम म्हणाला. त्याचं त्यालाच पटलं नाही.

सगळे बघत असतानाच खुर्चीच्या गादीचं रेक्झिन हळूहळू दबलं. आधी एका अंगाला, मग दुसऱ्या. कंबर दुखणारा माणूस जपून टेकतो तसं. डांबराच्या वासात दुसराच वास मिसळला. भाजलेल्या अंगाला लावतात त्या मलमाचा. आणि मग एक लांब, सुखाचा सुस्कारा.

पुंजारामचे डोळे भरले. "टेक रं," तो पुटपुटला. "नीट टेक..."

चतुराबाई उठली. थोरल्या दिरासमोर पहिल्यांदाच तिचा पदर खांद्यावर होता.

"दादा, त्यांना खाली बोलवा."

"बसू दे गं. लई सोसलं त्यानं..."

"वरीस झालं, दिवेलागणीला ते माझ्या पालाच्या दारात येत व्हते. दिसायचे नाय, पर यायचे. म्या तांब्या भरून ठेवायची, सकाळी तो अर्धा असायचा." तिचा आवाज फुटला. "आता कशाला येतील? तुमी नाव घेऊन त्यांना हितं बसवलं. चुकलं असं वाटत व्हतं तर माझ्या दारात येऊन म्हनायचं व्हतं. ते तिथंच असायचे."

पुंजाराम उन्हात गेला. मशीनच्या शिडीशी उभा राहिला. साऱ्या टोळीदेखत हात जोडले.

"कडूबा... चुकलो रं म्या. खाली ये. चतुरा वाट बघती..."

खालची स्प्रिंग कुरकुरली. रेक्झिन बोटभर वर आलं. चतुराबाई दोन पावलं पुढं झाली. मग रेक्झिन पुन्हा दबलं, आणि दबलेलंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी बोल्ट सोडले. चार गड्यांनी जोर लावला. खुर्ची जागची हलली नाही. त्रिंबक तेव्हापासून ती शिडी सोडून दुसऱ्या अंगानं चढतो आणि उभ्यानं मशीन चालवतो. चतुराबाई रोज संध्याकाळी तांब्या भरते आणि सकाळी तो भरलेला तसाच रस्त्यावर ओतते.

खुर्चीपुढच्या पाय टेकायच्या पत्र्याला आणि त्या शिडीला पुंजाराम दर महिन्याला नवा रंग देतो. महिनाभरात पत्र्यावरचा रंग दोन पावलांच्या जागी झिजतो. आधी त्या खुणा साखळीकडं तोंड करून होत्या. दिवाळीनंतर त्या वळल्या. आता शिडीकडं तोंड आहे.

त्याला तीन महिने झाले. पत्रा तिथंच झिजतो आहे. शिडीच्या पायऱ्यांवरचा रंग मात्र लावला तसा आहे.