उष्टा माउथपीस

बसा, खिडकीशी उजेड बरा आहे. मी मध्येच थांबले तर दम खातेय असं समजा.

ही क्लॅरिनेट तुम्ही विकत मागताय. देता येणार नाही. का, ते सांगते.

फेब्रुवारीत शेजारच्या गावातल्या जुन्या सामानाच्या विक्रीतून ती मी नवऱ्यासाठी आणली. एमिलने तीस वर्षं ओतकामाच्या कारखान्यात काढली होती. तिथल्या वाळूने त्याच्या छातीचं पार वाटोळं केलं. तीन पायऱ्या चढला की तो खाली बसायचा. तरी मे महिन्यात शहीद सैनिकांच्या स्मृतिदिनाला दफनभूमीत गावच्या बँडबरोबर एकदा वाजवायचंच, हा त्याचा हट्ट होता. त्याची स्वतःची क्लॅरिनेट विस्कॉन्सिनच्या थंडीत उभी तडकली होती. मी चाळीस वर्षं वाद्यं दुरुस्त करतेय, त्याला नाही कसं म्हणू?

बनवणाऱ्याचं नाव घासून गेलं होतं. वरच्या आणि खालच्या तुकड्यावरचे आकडे मात्र जुळत होते, म्हणजे जोडी मूळची. लाकूड अस्सल काळं, पण कोरडं ठणठणीत. माउथपीसवर वरचे दात टेकतात तिथे वर्षानुवर्षं वाजवून दोन खाचा पडतात. इथे एकच होती, खोल. वाजवणाऱ्याला पुढचा एक दात नव्हता, हे उघड होतं.

दुसऱ्याचं उष्टं मी तोंडाला लावत नाही. वाद्य तपासायला माझा स्वतःचा माउथपीस लावते. एमिल त्यावरून कायम चिडवायचा.

“अल्बी, लग्नात तू माझ्या ग्लासातली बिअर प्यायली नाहीस, तेव्हाच मी पळून जायला हवं होतं.”

चाव्यांखाली नवे पॅड बसवले, सांध्यांवरचं बूच बदललं, लाकडाला तेल पाजलं. इतकं वाळलेलं लाकूड एकदम भिजलं तर चिरतं, म्हणून सुरुवातीला रोज दहाच मिनिटं फुंकायचं असतं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी फुंकण्याआधी नळीतून फडकं ओढलं. ते चिंब निघालं. कुणी तासभर वाजवून नुकतीच खाली ठेवावी, तशी नळी आतून कोमट होती. लवंगेचा वास येत होता...

माझी दुरुस्तीची खोली गॅरेजच्या माथ्यावर, अठरा पायऱ्या. एमिलला तिथवर येणं शक्यच नव्हतं. शेगडीच्या वाफेने झालं असेल, अशी मी मनाची समजूत घातली. दुसऱ्या दिवशी फडकं पिळावं लागलं, आणि खाली एमिलला बुटाची नाडी बांधून होईना. माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही. फडकं जितकं ओलं, तितका त्याचा दम कमी, हा हिशेब आठवडाभर चुकला नाही.

रविवारी शेजारची ॲग्नेस कोलाचे, म्हणजे फळं भरलेले गोड पाव, घेऊन आली. अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे, गावातला प्रत्येक मेलेला माणूस तिला नावानिशी ठाऊक. मी धुवायला खाली आणलेला माउथपीस पाहिला आणि तिने कप खाली ठेवला.

“हा अँटोनीनचा. बडीशेप चघळावी तशा लवंगा चघळायचा. प्रत्येक अंत्ययात्रेत पुढे असायचा. एकदा वाजवता वाजवताच बर्फात कोसळला... सूर पुरा झाला नाही गं त्याचा. बाबा म्हणायचे, त्याला श्वास तेवढा कमी पडला.”

मी हसून विषय बदलला. त्याच दुपारी एमिल खुर्चीत निळा पडलेला दिसला. त्याच्या छातीतून बारीक शिटी वाजत होती. ती अंत्ययात्रेची धून होती. एका लांब सुरावर तुटायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची.

डॉक्टरांना फोन करून मी वर धावले. शेगडीचं दार उघडलं, पण क्लॅरिनेट आगीत टाकायला हात धजेना. आत त्याचाच श्वास असला तर? माझं डोकं फिरलं.

“सोड त्याला,” मी तिला म्हटलं. “हवाच असेल तर माझा घे.”

रागात माणूस काहीही बोलतो.

दुसऱ्या सकाळी एमिलने दोन अंडी मागून खाल्ली. आठवड्याभरात कॉफीचे दोन कप घेऊन तो अठरा पायऱ्या चढला. डॉक्टर डोकं खाजवत राहिले. मे महिन्यात त्याने ती धून शेवटपर्यंत वाजवली, स्वतःच्या नव्या माउथपीसवर. सगळं गाव रडलं, मीही.

वाटलं, सुटलो. पण फडकं अजून रोज ओलं निघतं... आणि आता पायऱ्यांवर मी तीनदा थांबते. ती दुसऱ्या घरी गेली तर तिथे कुणाचा श्वास घेईल, की परत एमिलचाच, मला ठाऊक नाही. म्हणून ती इथेच राहील.

हा जुना माउथपीस उजेडात धरा. खोल खाचेशेजारी दुसरी दिसतेय ना? ताजी आहे, तिरकी. आता माझा हा दात बघा, लहानपणापासून वाकडा आहे. मी तो माउथपीस एकदाही तोंडाला लावलेला नाही.

ठेवा तो खाली. जिन्यावर पावलं वाजतायत, एमिल कॉफी आणतोय. त्याला यातलं काही सांगू नका.