कुंपणापलीकडची शाबासकी

यातलं काहीही मी पदरचं घातलेलं नाही. गुरुदत्त माझा आतेभाऊ. त्याने सांगितलं तसं लिहितोय.

ऑगस्ट २०२०, तिकडचा ऐन हिवाळा. मेलबर्न, ग्लेन वेव्हर्ली. कडक लॉकडाऊन. वेळ दुपारी साडेतीनची. हो, भर दुपारची!

घरून काम करून गुरुदत्तची पाठ धरली होती, झोप उडाली होती. शेजारच्या केनने त्याच्या हातात कुऱ्हाड दिली. केन ऐंशीचा, एकटा. कुंपणाशी उभा राहून, 'मेट' म्हणजे मित्रा, अशी हाक मारत शिकवायचा. ओंडक्याची चीर बघ, तिथेच घाव घाल. लाकूड एका फटक्यात दुभंगलं, की काठीने कुंपणावर दोनदा वाजवायचा.

टक... टक.

ही त्याची शाबासकी.

गुरुदत्तला चटक लागली. मस्त घाम निघायचा, डोकं रिकामं व्हायचं, रात्री गाढ झोप. वुड हीटरपुढे पाय पसरून बायकोला ऐकवायचा, "शुभदा, जिम गेली खड्ड्यात. हेच खरं सुख!"

त्या सोमवारी कुंपणावर केनची टोपी दिसली नाही.

पण पहिला ओंडका फुटला आणि...

टक... टक.

आवाज खालून आला. कुंपणाला लागून असलेल्या केनच्या शेडमधून. थंडीमुळे म्हातारा आत बसला असेल, असं गुरुदत्तला वाटलं.

मंगळवारी तर न फुटलेल्या लाकडालाही शाबासकी! टक टक टक टक... गुरुदत्त जाम खूश. त्याने दुप्पट सरपण फोडलं.

"एकदा डोकावून ये ना," शुभदा म्हणाली.

"अगं, कुणाकडे जायला बंदी आहे. आपल्यामुळे त्याला कोविड झाला तर?"

बुधवारी टकटक अगदी क्षीण होती. आणि मग...

"मेट..."

गुरुदत्तची चारला मीटिंग होती. केन एकदा बोलायला लागला की सोडायचा नाही.

"टुमॉरो, मेट!" तो ओरडला आणि घरात गेला.

गुरुवारपासून तीन दिवस पाऊस. रविवारी उघडलं. पहिलाच घाव झकास बसला.

टक... टक.

शेडमधून नाही. कुंपणावर. खणखणीत.

"केन! चाय देऊ का, मेट?"

कुंपणावर टोपी नव्हती. उत्तर मात्र आलं...

"टुमॉरो, मेट."

आवाज गुरुदत्तचाच होता.

सोमवारी पोलीस आले. केन शेडमध्ये पडला होता. मांडीचं हाड मोडलेलं, काठी मुठीत. वाजवून वाजवून फळीला खळगा पडला होता. त्याला जाऊन चार दिवस झाले होते.

म्हणजे बुधवारी तो जिवंत होता.

आणि रविवारी...?

गुरुदत्तने पोलिसांना यातलं काहीच सांगितलं नाही. शुभदालाही नाही. कुऱ्हाड टाकून दिली. वर्षभरात घर सोडून ॲडलेडला, मॉसन लेक्सला गेले. तिसरा मजला. ना कुंपण, ना शेड.

तरी रोज साडेतीनला भिंतीत टक... टक. मग गुरुदत्तचा स्वतःचाच तो आवाज. आपल्यालाच भास होतात, अशी तो मनाची समजूत घालायचा.

गेल्या आठवड्यात त्याच्या सहा वर्षांच्या मुलीने, मयूराने, चित्र काढता काढता मान वर केली. ती भिंतीकडे बघत होती.

"बाबा, व्हॉट्स हॅपनिंग टुमॉरो?"

फोनवर हे सांगताना तो लहान मुलासारखा रडला. मला ऑफिसची घाई होती. सवयीने तोंडून निघून गेलं, "उद्या बोलू."

तेव्हापासून तो फोन उचलत नाही.